काळाला जवळची वाट आहे काय?

काळ म्हणजे काय, हा प्रश्न माणसाला बहुधा रिकामपणी सुचतो आणि कामाला लागले म्हणजे विसरतो. आमच्यापुढे मात्र गेल्या वर्षी तो निराळ्याच वेळी उभा राहिला. आमच्या वडील भगिनींना मोठा आजार झाला. त्यांना रुग्णालयात हलविल्यावर सायंकाळी आम्ही डॉक्टरांस विचारले, “पुढे काय?” ते म्हणाले, “अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या, मग सांगतो.” त्याच रात्री आमचे वयोवृद्ध मामा आले. बाहेरच्या बाकावर टेकण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “अरे, ताईची पत्रिका बरोबर आणलीस का?” पत्रिका आणली नव्हती. मामांना वाईट वाटले, आणि आम्हांस, इतकी वर्षे महाविद्यालयात शिकवूनही, ती आणली असती तर बरे झाले असते असे क्षणभर वाटून गेले.

ह्या दोघांच्या बोलण्यात एक जुना तात्त्विक वाद दडलेला आहे. मामांच्या मते पुढचे सारे ठरलेले आहे, आणि जे ठरलेले आहे ते जाणत्याला आधी वाचता आले पाहिजे. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ असा की, ठरलेले असो वा नसो, मधले तास गेल्यावाचून ते कळणार नाही. हे मधले तास वगळता का येत नाहीत? थांबावे का लागते? घर स्थिरस्थावर झाल्यावर आम्ही स्टीफन वुल्फ्रॅम ह्यांचा ‘अ न्यू काइंड ऑफ सायन्स’ हा २००२ सालचा ग्रंथ पुन्हा वाचावयास काढला तो ह्याच प्रश्नासाठी. ह्या ग्रंथात पेरलेला विचार २०२० पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या मुळाशी नेऊन भिडविला, आणि २०२४ साली काळाच्या स्वरूपावर स्वतंत्र निबंध लिहून त्याचा निष्कर्ष मांडला. विश्व म्हणजे एक अखंड चाललेले गणित, काळ म्हणजे त्या गणिताचे पुढे पुढे जाणे, आणि ह्या गणिताला जवळची वाट नाही, हे त्या उपपत्तीचे सार होय.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. थांबावे का लागते, ह्या प्रश्नाचे ह्याहून चांगले उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही. परंतु काळ म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आणि ते दिले आहे असा ग्रंथकारांचा समज आहे. ह्या दोन विधानांचा खुलासा करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

मूळ कल्पना समजण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आपले पंचांग पुरे आहे. ग्रहांची स्थाने काढावयाची तर एका ठरावीक आरंभदिवसापासून किती दिवस लोटले हे आधी पाहावे लागते. ह्या दिवससंख्येस अहर्गण म्हणतात. जुन्या सिद्धांतग्रंथांत हा आरंभ कल्पाच्या किंवा युगाच्या प्रारंभी धरलेला असल्यामुळे आकडे अवाढव्य होत. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला, आणि अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पून हा सारा पसारा आटोक्यात आणला. ज्या आणि चाप ह्यांचे किचकट गणितही त्यांनी गाळले. महाराष्ट्रातील जोशीमंडळी पुढे शतकानुशतके ह्याच ग्रंथावरून पंचांगे करीत आली. ग्रंथाच्या नावातले लाघव हे खरोखर हेच आहे. ग्रहाला चार हजार दिवसांची वाट चालावी लागते. जोशी ती चालत नाही. तो पाटीवर थोडे आकडे मांडतो आणि ग्रहाच्या आधी मुक्कामावर जाऊन बसतो. आजची साधने फार सूक्ष्म झाली, पण युक्ती तीच आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण होणार, आणि इजिप्तमधील लक्सर येथे त्याची खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकणार, हे आज सांगता येते. कारण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ह्यांच्या ह्या चालीला जवळची वाट सापडलेली आहे.

ह्या यशानेच एक मोठी आशा उत्पन्न केली. १८१४ साली फ्रेंच गणिती लाप्लास ह्याने अशा एका बुद्धीची कल्पना मांडली की, जिला विश्वातील प्रत्येक कणाचे स्थान आणि प्रत्येक बल एका क्षणी ठाऊक असेल, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही वर्तमानासारखीच दिसतील. लाप्लासची बुद्धी आणि मामांची पत्रिका ह्यांच्या प्रमाणांत आकाशपाताळाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. पण आशा एकच: जे ग्रहणाच्या बाबतीत साधले ते सर्वत्र साधेल, आणि साधत नसेल तर दोष आपल्या अज्ञानाचा. वुल्फ्रॅम ह्या आशेच्या मुळावरच घाव घालतात, आणि तोही एका खेळाने.

मुलांच्या गणिताच्या वहीतील चौकटीचा कागद घ्यावा. सर्वांत वरच्या ओळीत मधोमध एकच चौकट काळी करावी. बाकी सर्व पांढऱ्या. आता खालची ओळ भरावयाची. तिच्यातील प्रत्येक चौकटीसाठी वरच्या ओळीतील तीन चौकटी पाहाव्या: तिच्या थेट वरची, त्या वरचीच्या डावीकडची आणि उजवीकडची. डावीकडची काळी आणि उरलेल्या दोन्ही पांढऱ्या असतील, तर खालची चौकट काळी करावी. डावीकडची पांढरी आणि उरलेल्या दोहोंपैकी एक तरी काळी असेल, तरीही काळी करावी. एरवी पांढरी ठेवावी. एवढाच नियम. वुल्फ्रॅम ह्यांच्या क्रमवारीत ह्यास ‘नियम ३०’ असे नाव आहे. चौथीतील मुलाला तो समजेल. आता मधल्या उभ्या रांगेकडे पाहावे. काळी, काळी, पांढरी, काळी, काळी, काळी, पांढरी, पांढरी, असे ती उतरत जाते. आणि कितीही खाली गेले तरी तिला शिस्त म्हणून लागत नाही. शेजारच्या ‘नियम ९०’ मध्ये पाहा. तेथे वरच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या चौकटी भिन्न रंगांच्या असल्या तरच खालची काळी करावयाची. त्यातून त्रिकोणांत त्रिकोण अशी सुबक नक्षी निघते, आणि ती आपल्या मेरुप्रस्तारातील सम-विषम अंकांशी तंतोतंत जुळते. तेव्हा लाखाव्या ओळीतील हवी ती चौकट मधल्या ओळी न भरताही सांगता येते. ही ग्रहणाची जात झाली. परंतु नियम ३० च्या मधल्या रांगेतील लाखावी चौकट कोणती, असे विचारले, तर वरच्या सर्व ओळी क्रमाने भरून खाली उतरण्यावाचून दुसरा मार्ग कोणास सापडलेला नाही. अशा गणिताला आम्ही असंक्षेप्य गणित म्हणू. ज्याचा संक्षेप होत नाही, जे पूर्ण केल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही, ते असंक्षेप्य.

येथून वुल्फ्रॅम ह्यांची झेप सुरू होते. त्यांचे म्हणणे असे की, निसर्गातील बहुतेक व्यापार नियम ३० च्या जातीचे आहेत आणि ग्रहणासारखे व्यापार हे अपवाद आहेत. ढगांची घडण, पाण्याचा खळाळ, सजीवांच्या शरीरातील उलथापालथ, ह्या सर्वांत निसर्ग स्वतःच पायरीपायरीने गणित करीत असतो. आणि आपली बुद्धी, आपली यंत्रे हीही तशीच गणिते असल्यामुळे निसर्गाला मागे टाकून पुढे धावण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही. म्हणून काळ ही नुसती एक रेषा नव्हे, की जिच्यावर हवे तेथे बोट ठेवावे. काळ म्हणजे करावे लागणारे काम.

ह्या विचाराचे पहिले मोल असे की, तो दोन गोष्टींची फारकत करतो, ज्या आपण नेहमी एक समजत आलो: ठरलेले असणे आणि आधी कळणे. नियम ३० मध्ये दैवयोगाला तिळमात्र जागा नाही. प्रत्येक चौकट वरच्या तीन चौकटींनी बांधलेली आहे. तरी पुढची ओळ आधी कळत नाही. हे न कळणे अज्ञानातून आलेले नव्हे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण येथे भल्याभल्यांचा घोटाळा होतो. अज्ञानामुळे न कळण्याचे उत्तम उदाहरण आपली ग्रहमालाच आहे. २००९ साली लास्कर आणि गॅस्टिनो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ग्रहांच्या पुढील पाच अब्ज वर्षांच्या भ्रमणाचे गणित यंत्राकडून २५०१ वेळा करविले. प्रत्येक वेळी बुधाच्या कक्षेच्या मापात आधीच्यापेक्षा फक्त ०.३८ मिलिमीटरचा फरक ठेवला होता. तेवढ्या फरकाने सुमारे शेकडा एक गणितांत बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की, शुक्रावर किंवा सूर्यावर आदळण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे ज्या ग्रहांनी आपल्याला भविष्यकथनाची पहिली आशा दिली, त्यांचेही भविष्य फार दूरवर धूसर आहे. पण येथे धूसरपणा आरंभाचे माप अचूक ठाऊक नसल्याचा आहे. नियम ३० मध्ये आरंभ पूर्णपणे ठाऊक आहे: एक काळी चौकट. नियमही ठाऊक आहे. तरीही खाली उतरत जावेच लागते. लाप्लासच्या बुद्धीला सारे काही देऊनही तिची घाई भागत नाही, हे वुल्फ्रॅम ह्यांनी ज्या स्पष्टतेने दाखविले आहे, त्याबद्दल त्यांना द्यावे तितके श्रेय थोडेच.

आपल्याकडे दैव आणि पुरुषार्थ ह्यांचा जो वाद पिढ्यानुपिढ्या चालला आहे, त्यालाही ह्यातून नवे वळण मिळते. सारे ठरलेलेच आहे तर धडपड कशाला, असे आमचे विद्यार्थी विचारतात. विशेषतः परीक्षेच्या आधी. ह्यावर आता असे सांगता येईल की, बाबा, ठरलेले असेलही. पण तुझी धडपड हीच ते ठरण्याची रीत आहे. ती गाळून निकालापाशी पोचण्याची वाट विश्वापाशीही नाही.

इतके मान्य करूनही आमच्या ज्या तीन शंका राहतात, त्या आता मांडतो.

पहिली शंका प्रमाणाची. असंक्षेप्य गणिते आहेत, ह्यात वाद नाही. एखादे गणितयंत्र दिलेल्या कामात कधी थांबेल की नाही, हे सर्व बाबतींत आधी सांगणारी रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. आणि काही कामांना लागणारा वेळ ठरावीक मर्यादेपलीकडे कमी करताच येत नाही, हे हार्टमानिस आणि स्टर्न्स ह्यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले. पण अशी गणिते असतात हे म्हणणे एक, आणि हेच गणित तसे आहे हे म्हणणे दुसरे. नियम ३० ची मधली रांग खरोखर असंक्षेप्य आहे काय, ह्याची सिद्धता ग्रंथात नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सतरा वर्षांनी, २०१९ साली, खुद्द वुल्फ्रॅम ह्यांनीच ह्या रांगेविषयीच्या तीन प्रश्नांसाठी एकूण ३०,००० डॉलरांची बक्षिसे लावली, आणि त्यांतील एक प्रश्न नेमका हाच आहे. बक्षीस लावणे हा प्रांजळपणा झाला, आणि तो आम्हांस आवडला. पण मग ज्वर, ढग आणि राज्यांचे उदयास्त ही सारी नियम ३० च्या जातीची आहेत, हे विधान सिद्धांताच्या सुरात नव्हे, अनुमानाच्या सुरात करावयास हवे होते. गणेश दैवज्ञांच्या आधी ग्रहगणिताचा हा संक्षेपही कोणास ठाऊक नव्हता. सापडली नाही म्हणून वाट नाहीच, असे म्हणता येत नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. काळ म्हणजे गणिताचे पुढे जाणे, असे म्हटल्यावर सहजच विचारावेसे वाटते की, ‘पुढे’ म्हणजे काय? कागदावर हजार ओळी भरून झाल्या की त्या सर्व एकाच वेळी आपल्यापुढे असतात. पहिली ओळ वर, हजारावी खाली. त्यांत क्रम आहे, पण चालणे नाही. चालला होता तो आपला हात. एक, दोन, तीन ह्या अंकांतही क्रम आहे. म्हणून काही दोन वाजून गेल्यावर तीन ‘घडत’ नाहीत. भातखंडे ह्यांच्या पद्धतीने लिहिलेली चीज पुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत एकदमच असते; ती चालते, ती कोणी गाऊ लागला म्हणजे. वुल्फ्रॅम ह्यांनी आपल्याला विश्वाची स्वरलिपी दाखविली आहे. ती गाण्यास कशामुळे आरंभ होतो, हे दाखविलेले नाही. गणिताने काळ समजावयाचा, आणि गणित म्हणजे एकामागून एक पायऱ्या. ह्या ‘मागून’ शब्दातच सारा काळ येऊन बसला आहे.

येथे एका आक्षेपातून मात्र ग्रंथकारांना सोडविले पाहिजे, कारण तो आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. विश्वाचे गणित ओळीओळीने चालत असेल, तर सर्व विश्वाला एकच ‘आता’ असला पाहिजे. आणि तो तर आइन्स्टाइन ह्यांनी १९०५ मध्येच मोडीत काढला. काळ सर्वत्र सारखा चालत नाही, हे आज घड्याळांनीच सिद्ध केले आहे. २०१० साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथे दोन अतिसूक्ष्म घड्याळांपैकी एक दुसऱ्याहून केवळ ३३ सेंटिमीटर उंच ठेवले असता ते किंचित जलद चालताना आढळले. तेव्हा एका ओळीत सगळे विश्व कसे बसवावयाचे? ह्यावर वुल्फ्रॅम आणि त्यांचे सहकारी ह्यांचे उत्तर चतुर आहे. त्यांच्या मते विश्व म्हणजे बिंदूंचे एक अफाट जाळे असून, त्यात ठिकठिकाणी नियमाप्रमाणे फेरफार होत असतात. कोणता फेरफार आधी आणि कोणता नंतर, हे पुष्कळदा ठरलेलेच नसते, आणि ते ठरविण्याची गरजही नसते. ठरलेले असते ते इतकेच की, अमक्यासाठी तमके व्हावे लागते. स्वयंपाकघरात भात आधी शिजला की आमटी, ह्यावर दोन दारांतून डोकावणाऱ्या दोघांचा मतभेद होऊ शकेल. पण दोन्ही झाल्यावाचून पान वाढता येत नाही, ह्यावर मतभेद होणार नाही. नियम असे निवडले की क्रम कोणताही धरला तरी कार्यकारणाचे जाळे तेच राहील, तर सापेक्षतेशी विरोध उरत नाही. हे समाधान आम्हांस ग्राह्य वाटते. परंतु त्यानेच आमची मूळ शंका बळावते. कारण आता तर ओळीही गेल्या. उरले ते निव्वळ ‘ह्यासाठी ते’ असे अवलंबन. अवलंबन हे तर्कातही असते. सिद्धांत गृहीतकांवर अवलंबून असतो. त्यासाठी घड्याळ लागत नाही.

तिसरी शंका काळाच्या दिशेची. उदबत्तीचा धूर खोलीभर पसरतो. खोलीभर पसरलेला धूर पुन्हा काडीत शिरताना कोणी पाहिला नाही. धुराच्या प्रत्येक कणाचे नियम मात्र उलटसुलट दोन्ही दिशांना सारखेच लागू आहेत. १८७२ साली बोल्ट्झमन ह्यांनी गोंधळ वाढतच जातो हे कणांच्या गणिताने दाखविले, तेव्हा त्यांचेच व्हिएन्नातील सहकारी लोश्मिट ह्यांनी १८७६ मध्ये विचारले की, सर्व कणांचे वेग उलटे केले तर हेच गणित मागे का जाऊ नये? वुल्फ्रॅम ह्यांचे उत्तर असे की, पसरलेल्या धुरात आरंभाची सारी खूण शाबूत असते. पण ती इतकी गुंतलेली असते की, आपल्यासारख्या मर्यादित गणनशक्तीच्या द्रष्ट्याला ती उकलत नाही, म्हणून आपण तिला गोंधळ म्हणतो. उत्तर सुंदर आहे. पण गुंता होण्यासाठी आधी सरळ धागा असावा लागतो. विश्वाचा आरंभ इतका साधा का, हे ह्यातून कळत नाही. कागदावरची पहिली एकुलती काळी चौकट आपणच मांडली होती. काळाच्या दिशेचे मूळ पाहणाऱ्याच्या दुबळेपणात न शोधता विश्वाच्या घडणीतच शोधणारेही पंडित झाले आहेत. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी केंब्रिज येथे फ्रेड हॉइल ह्यांच्यासह १९६० नंतरच्या दशकात विद्युच्चुंबकीय लहरींच्या दिशेचा संबंध विश्वाच्या प्रसरणाशी जोडला, तो प्रयत्न ह्या जातीचा होय. तो सर्वमान्य झाला असे नाही. पण त्याने प्रश्न योग्य ठिकाणी ठेवला, असे आम्हांस वाटते.

ह्या तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. १९०७ साली फ्रेंच तत्त्ववेत्ता बेर्गसाँ ह्याने पाण्यात साखर घालून ती विरघळेपर्यंत थांबणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले होते. गणिताच्या काळाला ते थांबणे दिसत नाही. गणितात वेग दुप्पट केला काय आणि निमपट केला काय, समीकरण तेच राहते. पण थांबणाऱ्याची अधीरता ही त्याच्या आयुष्यातील खरी गोष्ट असते, असे त्याचे म्हणणे. ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिस येथे बेर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले, तेव्हा तत्त्वज्ञांचा म्हणून काही वेगळा काळ नाही, असे आइन्स्टाइन ह्यांनी साफ सांगितले. सापेक्षतेच्या गणितात बेर्गसाँ चुकला हे खरे. पण कार्नाप ह्या तत्त्ववेत्त्याच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात अशी नोंद आहे की, ‘आता’ ह्या अनुभवाला पदार्थविज्ञानात जागा मिळत नाही, ह्याची खंत आइन्स्टाइन ह्यांनी त्याच्याजवळ बोलून दाखविली होती. वुल्फ्रॅम ह्यांनी साखरेच्या प्रश्नाचा अर्धा भाग सोडविला आहे. साखर विरघळण्याचे गणित असंक्षेप्य असेल, तर थांबावे लागणारच. दुसरा अर्धा, म्हणजे हे थांबणे कोणाच्या तरी ‘आता’मध्ये घडते, तो त्यांनी ‘आतल्या द्रष्ट्याला तसे वाटते’ एवढ्यावर सोडून दिला. पण ‘वाटणे’ ही क्रियाही काळातच घडते. उत्तर पुन्हा प्रश्नापाशी येऊन थांबते.

ग्रंथाच्या लेखनाविषयी दोन शब्द. जवळजवळ बाराशे पृष्ठांचा हा ग्रंथ शेकडो चित्रांनी भरलेला असून तो सामान्य वाचकाला वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण. गहन विषय सोप्या वाक्यांत सांगण्याची हातोटी ग्रंथकारांपाशी निःसंशय आहे. उलट, पानोपानी ‘मी शोधले’, ‘मला आढळले’ असा जो स्वर लागतो, तो कानाला खटकतो. पूर्वसूरींचे ऋण शेवटच्या साडेतीनशे पानांच्या टिपांत गेले आहे, आणि तेथपर्यंत पोचणारे वाचक थोडे. एकामागून एक पायऱ्यांनीच ज्ञान वाढते, जवळची वाट नाही, हे सांगणाऱ्या ग्रंथाने आधीच्या पायऱ्यांचा उल्लेख मोकळेपणाने करावयास हवा होता. तरीही ग्रंथ संग्रही ठेवण्याजोगा आहे, आणि घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती द्यावा असा आहे. त्यांनी आधी चौकटीचा कागद घेऊन वीस ओळी स्वतः भराव्या. मगच ग्रंथ उघडावा. वीस ओळींत जे कळेल ते वीस प्रकरणांत कळणार नाही.

त्या अठ्ठेचाळीस तासांकडे वळून हा लेख संपवितो. बाकावर मामा आमच्या शेजारी बसून होते. पत्रिका नव्हती म्हणून ते घरी गेले नाहीत. पहाटे त्यांनी आम्हांस चहा आणून दिला, आणि दुसऱ्या रात्रीही ते तेथेच राहिले. भगिनींचा ज्वर तिसऱ्या दिवशी उतरला. पुढे त्या घरी आल्या. ग्रंथ वाचून झाल्यावर आम्हांस वाटले ते असे. ते तास वगळता आले नसते, हे आता पटते. डॉक्टर अडाणी नव्हते, आणि आमचे थांबणे व्यर्थही नव्हते. शरीर आपले गणित करीत होते, आणि ते दुसऱ्या कोणी आधी करून देण्यासारखे नव्हते. पण त्या गणिताच्या प्रत्येक पायरीला आमचा ‘आता’ का चिकटलेला होता, आणि एका म्हाताऱ्याच्या सोबतीने तो सोसण्याजोगा का झाला, हे कोणत्याही नियमाच्या क्रमांकात आम्हांस सापडले नाही. ज्याला काळाचे पूर्ण शास्त्र लिहावयाचे असेल, त्याने गणिताबरोबर त्या बाकाचीही नोंद घ्यावी, एवढीच विनंती.